मी पाहिलेला अपघात

"ट्रक भरधाव वेगाने येत होता. चालक मद्यधुंद अवस्थेत होता," अंजू म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसलेली दैवशाला एकदम ताठ झाली. वाक्य तिचं होतं. दोन्ही वाक्यं तिची होती, शब्द न शब्द, मधे घेतलेला श्वाससुद्धा तिचाच. पोलीस ठाण्याच्या त्या खोलीत पंखा कुरकुरत फिरत होता, फौजदारसाहेब मान खाली घालून जबाब लिहीत होते, आणि त्यांच्यापुढे अंजू हाताची घडी घालून उभी होती, वर्गात उभी राहायची तशीच, नजर समोरच्या भिंतीवर जरा वरच्या बाजूला. आता अंजू एरवी कशी बोलते ते दैवशालाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? दोन वर्षं ही पोरगी तिच्या इंग्रजीच्या क्लासला येत होती. 'मॅडम, म्या वही घरीच इसरले', 'मॅडम, ह्यो मला चिमटे घेऊन राह्यला', ही अंजूची भाषा. दारू प्यालेल्या माणसाला अंजू 'पेल्ता' म्हणेल, फार तर 'टाइट व्हता' म्हणेल. मद्यधुंद अवस्था ही चीज जालन्यातल्या कुठल्या गल्लीत, दहावीतल्या कुठल्या पोरीच्या तोंडात आपोआप उगवत नाही. ती कुणीतरी लावावी लागते. दैवशालानंच लावली होती.

काल दुपारी तिच्या क्लासखालच्या चौफुलीवर भंगाराचा ट्रक आणि हरिओमची सायकल एकमेकांवर आली. हरिओम दहावीचा, तिच्याच क्लासचा, बोर्डाचे पेपर अगदी तोंडावर आलेले. दैवशाला वरच्या मजल्यावर नववीच्या पोरांना काळ शिकवत होती. आवाज झाला, ती जिना उतरून खाली आली तेव्हा माणसांच्या पाठी तेवढ्या दिसल्या आणि पाठींच्या पलीकडे कुणाला तरी तुडवत असल्याचा धप्प धप्प आवाज. तो ड्रायव्हर होता, संपत नावाचा. आता तो आत कोठडीत होता, एक डोळा बंद झालेला. हरिओमला संभाजीनगरला हलवलं होतं, ऑपरेशन झालं होतं, पण पोर अजून धड शुद्धीवर नव्हतं. अपघाताच्या वेळी जवळपास असलेली क्लासचीच तीन लेकरं साक्षीला मिळाली, आणि हरिओमच्या वडिलांनी, राधाकिसनने, सकाळीच फोन केला, "मॅडम, लेकरं तुमच्यापुढं धीट बोलतेत. जरा येऊन बसा." म्हणून ती आली होती. दोन मुलांचे जबाब ती येण्याआधीच झालेले. "दोघांचं बराबर जुळून राह्यलंय," फौजदार तिला आल्याआल्या म्हणाले होते, समाधानानं. "रक्ताचा नमुना गेलाय, पण रिपोर्ट यायला लई दिवस लागतेत. तोवर ह्या लेकरांच्या जबाबावरच कलम लागणार. दारूचं कलम लागलं की गडी लवकर बाहेर येत न्हाई, मॅडम." तेव्हा दैवशालानं मान हलवली होती. बरं झालं, असंच तिलाही वाटलं होतं.

तिघांचं जुळत होतं, जुळणारच. क्लासच्या पाटीवर लिहिलेलंच होतं, इंग्रजी व्याकरण व निबंध, अर्थासहित. जालन्यात इंग्रजीचे क्लास गल्लोगल्ली, कुणी स्पोकन विकतं, कुणी फाउंडेशन, पण अर्थासहित ही दैवशालाची स्वतःची युक्ती. ती इंग्रजी वाक्य म्हणायची, पोरं ते म्हणायची, मग त्याचा मराठी अर्थ, तोही छापील मराठीत, आणि पोरं तोही त्याच चालीत म्हणायची. द ट्रक वॉज कमिंग ॲट अ ग्रेट स्पीड. ट्रक भरधाव वेगाने येत होता. द ड्रायव्हर वॉज ड्रंक. चालक मद्यधुंद अवस्थेत होता. एका निबंधात सगळे काळ बसवलेले, एकवचन-अनेकवचन बसवलेलं, परीक्षेत सहल येवो नाहीतर आग लागो, ह्याच सांगाड्यावर कापड बदलून घालायचं. जिन्यात उभे राहून आईबाप तो घोष ऐकायचे आणि त्यांचे चेहरे सुखावायचे. इंग्रजी निम्म्या पोरांच्या डोक्यातून परीक्षा झाली की उडून जायचं. अर्थ मात्र राहायचा. एकदा एका लग्नात मांडवात कुणीतरी मोठा झालेला बाप्या तिच्या पाया पडून हसत म्हणाला होता, 'मॅडम, अजून पाठ हाय, चालक मद्यधुंद अवस्थेत होता,' आणि तिला केवढा अभिमान वाटला होता. त्या अभिमानाची आता तिला इथे, ह्या बाकावर, शिसारी आली.

"आणि?" फौजदार म्हणाले.

"त्या वेळी रिमझिम पाऊस पडत होता व रस्ता निसरडा झाला होता," अंजू म्हणाली.

पेन थांबलं. खिडकीबाहेर फेब्रुवारीचं कोरडं ऊन, समोरच्या कडुनिंबाखाली पाचोळ्याचा ढीग. जालन्यात दिवाळीनंतर पावसाचा थेंब पडलेला नव्हता. दैवशालाला वाटलं, आता हे विचारतील, आता सगळं उघडं पडेल, आणि त्याबरोबर एक विलक्षण हलकेपणाही वाटला, की चला, आपल्याला काही बोलावं लागणार नाही. "पाऊस?" फौजदार म्हणाले, "कालच्याला?" अंजूच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. दारात उभा असलेला राधाकिसन कळवळून म्हणाला, "घाबरलंय लेकरू, साहेब. डोळ्यांपुढं रगत पाह्यलंय तिनं." "हां, हां," फौजदार म्हणाले, आणि पुन्हा लिहू लागले. त्यांनी पाऊस सोडून दिला. दारू ठेवली.

निबंधातला पाऊस तिच्या माहेरच्या, आष्टीच्या रस्त्यावरचा होता. हे जगात दैवशालाशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. तिचा बाप कारभारी हंगामात अंकुशनगरच्या कारखान्यावर उसाचा ट्रक चालवायचा, आणि एका हंगामात, अवकाळी पाऊस भुरभुरत असताना, शाळेला दांडी मारून ती बापाशेजारी केबिनमधे बसली होती. केबिनमधे उसाचा गोड आंबूस वास होता आणि त्याच्यावर चढलेला दुसरा वास, जो तिला घरातूनच चांगला ओळखीचा होता. बाप गात होता. वळणावर एक बाई डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन चालली होती, ती बाजूला झाली की ट्रक बाजूला गेला हे कळण्याच्या आत वांगी काचेवर आली. बाई वाचली, पण पुढे जन्मभर लंगडत राहिली. त्या दिवशी रस्त्यावर पन्नास माणसं जमली, कुणी बापाची गचांडी धरली, मग चुलता आला, गावातले दोघे-चौघे आले, आणि चुलता छातीवर हात ठेवून म्हणाला, 'गडी बिलकुल शुद्धीत हाय. पावसानं टायर घसरलं.' केबिनमधे एक पोर बसलेली आहे, तिला नाक आहे, डोळे आहेत, तिला एका शब्दानं तरी विचारावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आपण सांगितलं असतं ह्याबद्दल दैवशालाला आजही शंका नव्हती. ते न विचारलेलं कितीतरी वर्षं तिच्या पोटात तसंच पडून राहिलं. मग लग्न होऊन ती जालन्यात आली, क्लास काढला, पहिल्याच वर्षी 'मी पाहिलेला अपघात' लिहून द्यायची वेळ आली, आणि पेन टेकवल्याबरोबर पाऊस आला, टोपलीवाली बाई आली, ट्रक आला. द ड्रायव्हर वॉज ड्रंक. वर्षामागून वर्षं पोरांमागून पोरं ते वाक्य तिच्यासमोर मोठ्यांदा म्हणत गेली, खिडक्या हादरेपर्यंत, आणि दर वेळी तिला आत कुठेतरी बरं वाटत गेलं. बाप तर कधीच मरून गेला होता.

ती उठून बाहेर आली. पायरीवर एक म्हातारी डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत सोडत नव्हते. "तुम्ही मास्तरीण न्हवं?" म्हातारी म्हणाली. "मी संपतची माय, सोनूबाई. हसनाबादहून आले सकाळच्या गाडीनं." दैवशालाला तिथून निघून जायचं होतं, पण पाय निघाला नाही. तिनं विचारलं, आणि विचारताना आपण काय ऐकायची आशा धरतो आहोत हे तिचं तिलाच कळेना, "पितो का हो तो?" आई म्हणेल की हातसुद्धा लावत नाही, देवाशपथ घेईल, मग आपण मनात म्हणू, सगळ्याच आया असं म्हणतात. पण सोनूबाई डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत म्हणाली, "पेतो कव्हा कव्हा. खोटं कशाला बोलू बाई? काल पेल्ता का न्हाई ते मला काय ठावं? मी गावाकडं व्हते." आणि जरा थांबून म्हणाली, "लेकरं म्हणतेत तर पेला असंल. लेकरं कशाला खोटं बोलतील?"

लेकरं खोटं बोलत नव्हतीच, तीच तर भीती होती. अंजूच्या चेहऱ्यावर खोटेपणाची सावलीसुद्धा नव्हती. जे पाठ आहे ते तिला दिसत होतं, दिसत होतं ते ती सांगत होती. आणि संपत खरंच प्यालेला असला तर? पेतो कव्हा कव्हा. मग वाक्य कुणाचं का असेना, खरं निघालं म्हणायचं. ह्या विचाराला ती बराच वेळ धरून राहिली. तिनं नवऱ्याला फोन लावला. भागवत मिलमधे शिफ्टवर होता, मागे लोखंडाचा खणखणाट. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू कशाला मधी पडून राह्यली? तू पाह्यलं का काही? न्हाई ना? मंग झालं. निबंध निबंधाच्या जागी. पेपर तोंडावर आलेत, उद्या लोकं म्हणतील पोरायला खोटी साक्ष ह्या क्लासनंच शिकवली. पोरगं दवाखान्यात पडलेलं अन् मॅडम ड्रायव्हरच्या बाजूनं, असं व्हईल ते." भागवत वाईट माणूस नव्हता. तो म्हणत होता त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, गाडी काढावी आणि घरी जावं, आत अंजू सही करेल, कागद वर जाईल, आपण नववीचा काळ पुढे शिकवू. पार्किंगच्या दिशेनं ती चार पावलं गेलीसुद्धा.

राधाकिसन तिच्या मागे आला. मोसंबीच्या मार्केटमधे हमाली करणारा हा माणूस, बाप-आजा मेंढरं राखणारे, आणि पोराचा इंग्रजीचा क्लास मात्र चुकू देत नव्हता. त्याचे डोळे जागरणानं तांबारले होते. "मॅडम, तुमचे लई उपकार," तो म्हणाला. "अंजी कशी ठासून बोलली. आपल्या बोलीत आली असती तर साहेबानं मनावर घेतलं नसतं." दैवशाला स्कूटीचं हँडल घट्ट धरून उभी राहिली. हरिओम कसा आहे, असं तिनं विचारलं. "डॉक्टर म्हणतेत जीव वाचला. पर शुद्ध न्हाई. आशा, त्याची माय, बसलीय उशाला. बडबडून राह्यलं हो मॅडम, रातभर." "काय बडबडतो?" राधाकिसन कसंनुसं हसला, त्यात कुठेतरी कौतुकही होतं. "इंग्रजी. मला काय कळतंय त्यातलं? येकच म्हणतंय, येकच. ट्रक ट्रक म्हणतंय, मंग अटकतंय, मंग पुन्हा पहिल्यापसून. नर्सबाई म्हणली, लई हुशार दिसतंय लेकरू."

ऊन डोक्यावर होतं. शुद्धीत नसलेलं पोर ठोकर बसल्यावरचं बोलत असतं, आईला हाक मारतं, पाणी मागतं. हे पोर निबंध म्हणत होतं. म्हणजे त्याच्या डोक्यात शेवटचं जे होतं ते हे होतं. तिनं स्कूटीची किल्ली काढून पर्समधे टाकली. आत जाताना सोनूबाईच्या पदराला तिचा पाय लागला, तिनं वाकून हात लावून नमस्कार केला.

अंजू सही करायला टेबलावर वाकली होती. "थांब," दैवशाला म्हणाली. फौजदारांनी वर पाहिलं. "साहेब, ह्या पोरांनी जे सांगितलं ना, तो माझा निबंध आहे. मी पाठ करून घेतलाय. पाऊससुद्धा त्यातलाच." फौजदारांना आधी कळलंच नाही, मग कळलं तेव्हा ते वैतागले, म्हणजे तिघंही पढवलेले, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. अंजू दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. दैवशाला तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. क्लासमधे तिनं कधी प्रमाण भाषा सोडली नव्हती, घरची बोली ती आष्टीलाच ठेवून आली होती, असं तिला वाटत होतं. पण आता तोंड उघडलं तेव्हा तीच आली.

"अंजे, निबंध सोड. मी रागवणार न्हाई. तू काय पाह्यलं?"

"ट्रक भरधाव वेगाने..."

"ते न्हाई. तू कुठं व्हती?"

अंजूनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मॅडमच्या अंगात दुसरंच कुणी शिरलंय. मग हळूहळू तिची घडी सुटली, हात खाली आले.

"हरिओमच्या बाजूला," ती म्हणाली. "काल तुम्ही निबंध घेणार व्हत्या ना म्हणायला. त्यो सायकल हळूहळू चालवून राह्यला व्हता अन् म्या बाजूनं चालत व्हते. कागद मह्या हातात. त्यो म्हणू राह्यला अन् म्या तपासू राह्यले." तिनं नाक पुसलं. "त्यो अटकला. पुढचं आठवंना. मान वळवून म्हणला, पुढं काय गं? म्या कागदात पाह्यलं. तेवढ्यात सायकल रस्त्याच्या मधी गेली."

"अन् ट्रक?"

"हॉर्न वाजत व्हता, मॅडम. लई वाजत व्हता. मला वाटलं दुसऱ्याला वाजवू राह्यलाय. मान वर केली तव्हा ट्रक थांबेल व्हता."

"ड्रायव्हर पेल्ता का?" फौजदारांनी विचारलं.

"म्या त्याला पाह्यलंच न्हाई. लोकायनं वढला तव्हा त्याची पाठ दिसली."

"मंग दारूचं कशाला सांगितलं, बाई?"

अंजूनं साहेबांकडे नाही, दैवशालाकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, पण त्याहून जास्त गोंधळ होता. "अपघात असाच सांगत्यात ना, मॅडम?" ती म्हणाली.

दैवशालाला वाटलं, आता रडू येईल, पण आलं नाही. फौजदारांनी लिहिलेला कागद बाजूला केला, नवा घेतला, आणि जरा नरम आवाजात विचारलं, "मॅडम, विचार करा. हे असं लिहिलं तर तुमचं नाव येतं त्यात. क्लासचंही. लिहू?" तिला भागवत आठवला, जिन्यात उभे राहणारे आईबाप आठवले, दारावरची पाटी आठवली. "लिहा," ती म्हणाली, आणि आपला आवाज किती बारीक निघाला ह्याचं तिला नवल वाटलं.

तेव्हा तिचं लक्ष दाराकडे गेलं. राधाकिसन तिथेच उभा होता, कधीपासून कोण जाणे. त्याच्या हमालाच्या रुंद खांद्यांनी सगळं दार भरलं होतं. "म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "चूक मह्याच लेकराची?" त्याची मूठ चौकटीवर आवळली गेली, सुटली, पुन्हा आवळली. दैवशाला उठून उभी राहिली. त्यानं मारलं तर मारू दे, असं तिनं ठरवलं होतं, आणि ती खरोखरच वाट पाहत होती. "चूक त्याची न्हाई," ती म्हणाली. "मही हाय."

राधाकिसन पुढे आला. अगदी जवळ आला, इतका की त्याच्या अंगाचा मोसंबीच्या सालीचा कडवट वास तिला आला. मग त्याचे खांदे एकदम उतरले.

"पुढं काय व्हतं, मॅडम?" त्यानं विचारलं.

"काय?"

"अटकलाय ना तो तिथं. रातभर अटकतोय. मी आता चाललोय दवाखान्यात. पुढचं सांगा मला, म्हंजी त्याच्या कानात सांगतो. सुटंल तरी बिचारं."

वाक्य तिच्या जिभेवर आलं. सवयीनं आलं, इंग्रजीसकट, अर्थासहित. तिनं ओठ मिटून घेतले. टेबलामागे फौजदारांचं पेन थांबलं होतं, अंजू तोंडावर ओढणी धरून उभी होती, आणि हा माणूस कान पुढे करून वाट बघत होता.

"पुढं काही न्हाई," दैवशाला म्हणाली. "त्याला म्हणावं, मॅडमनं सांगितलंय, तेवढाच हाय. निबंध संपला."

राधाकिसननं मान डोलावली. "पुढं काही न्हाई, निबंध संपला," तो हळूच म्हणाला. मग वाटेत विसरायला नको म्हणून ओठ हलवत, तेच तेच पुन्हा म्हणत तो पायऱ्या उतरून गेला.